पहिल्या नंबरची रांगोळी

नको, चपला बाहेर नको, आत घे. हां, तिथे दाराच्या मागे. बाहेर दिसतात – म्हणजे कुत्री ओढून नेतात हल्ली, म्हणून म्हटलं. बस. त्या खुर्चीवर नको, ती यांची – बस गं, बस, खुर्चीच आहे, मी उगीच म्हटलं. पाणी ठेवलंय बघ. तुझे रंगांचे डबे पुसून ठेवलेत, ते द्यायलाच बोलावलं तुला, पाडव्यापासून जिन्याखाली पडून होते. घाई नाही ना? आईला काय सांगून आलीस? – बरं. आणि बाबा सिन्नरहून यायचेत अजून. हो, ठाऊक आहे मला. बस मग. काय म्हणत होतीस दारात, काका गेले तेव्हा तू इथे नव्हतीस – नव्हतीसच, मनमाडला होतीस आत्याकडे, सुट्टीला. तुला कुणी नीट सांगितलंही नसेल. सांगण्यासारखं काही झालंच नाही गं त्या दिवशी. बुधवार होता. भाजीवाला येऊन गेला होता, मी गवार घेतली होती, माझ्यापुरती, आणि निवडत बसले होते. सकाळीच दवाखान्यातून आले होते, अंघोळ करून परत जायचं होतं, तिकडे दीर थांबले होते. गवार अर्धी निवडून झाली, तेव्हा आठवलं, बाटली भरायचीय. यांची ती स्टीलची बाटली, कंपनीत न्यायचे ती. दवाखान्यातलं पाणी मचूळ लागतं म्हणायचे, म्हणून मी रोज घरून न्यायची. नळाखाली बाटली धरली आणि फोन वाजला. दीर म्हणाले, 'वहिनी, या.' एवढंच. आणि मग मी काय केलं माहीत आहे – बाटली पूर्ण भरली. झाकण लावलं, पुसली, पिशवीत ठेवली. अर्धी बाटली घेऊन कसं निघायचं. रिक्षात ती मांडीवर होती, पाथर्डी फाट्यापासून थेट दवाखान्यापर्यंत. ती बघ, अजून तिथेच आहे, ओट्यावर. उघडलेली नाही मी.

तू पाणी घेतलं नाहीस. असू दे, असू दे.

रोज सकाळी दार उघडलं की मी आधी उंबऱ्याशी बघते. रांगोळी नाहीये आता, केव्हाच पुसली, फरशी दोनदा घासली. तरी त्या जागेवर पाय देववत नाही. किती सुंदर काढली होतीस. मी शाळेत मराठी शिकवते, रंगांतलं मला फारसं काही कळत नाही, पण काळ्या रंगात इतकं तेज मी कधी पाहिलं नव्हतं. काळं कमळ. पाकळीला आतून निळसर कड, मध्ये देठ, खाली लाटा. पाडव्याच्या सकाळी मी गुढीचा तांब्या घासत होते आणि तू उकिडवी बसून चिमटीतून काळी रेघ सोडत होतीस – हात कसा तो, जरा हलत नव्हता. मी विचारलंसुद्धा, अगं सणाला काळा? तर तू म्हणालीस, काकू, रंग मी नाही ठरवत, बाटली ठरवते. आणि हसलीस. मला वाटलं काहीतरी शाळेचं आहे. सविता मॅडमचं काहीतरी नवीन – त्या तुमच्या विज्ञानाच्या मॅडम, मुलींना चित्रांतून विज्ञान शिकवतात म्हणून पेपरात फोटो आला होता त्यांचा. रंगनाथरावांनीच ग्रुपवर टाकला होता तो, 'आपल्या सोसायटीची मान उंचावली' म्हणून. हो, तेच रंगनाथराव. आपले चेअरमन. माणसाचं असंच असतं.

आता मला पाठ झालंय सगळं. तुमच्या वर्गातल्या मुलींनी घराघरातून पाणी घ्यायचं, औषध घातलेल्या छोट्या बाटल्यांत भरायचं, उबेला ठेवायचं. पाणी चांगलं असेल तर बाटली तशीच राहते. त्यात नको ते असेल – माणसाची घाण, मैलाच म्हणायचं सरळ – तर बाटली काळी पडते. आणि आकडे, तक्ते लिहून वहीत पुरायचे नाहीत, ज्याच्या घरचं पाणी त्याच्याच दारात रांगोळीने सांगायचं. चांगलं असेल तर निळं, शंका असेल तर राखाडी, खराब असेल तर काळं. मुलींना रांगोळी येते, आयांना रांगोळी कळते, मग विज्ञान त्याच वाटेने घरात न्यायचं – असं मॅडमनी पालकसभेत सांगितलं होतं म्हणे. चांगलीच आहे कल्पना. मी नावं ठेवत नाहीये. तुम्ही गेटवर फळाही लावला होता ना, कुठल्या रंगाचा काय अर्थ ते लिहून? तो कुणी वाचला नाही गं. आदल्या रात्री त्यावर फ्लेक्स चढला – पाडव्याच्या हार्दिक शुभेच्छा, रंगनाथराव हात जोडून उभे, खाली कार्यकारिणीचे फोटो. यांचाही होता त्यात, खजिनदार म्हणून. फळा मागे राहिला. वॉचमन म्हणून तुझ्या बाबांनीच दोऱ्या बांधल्या फ्लेक्सच्या, त्यांना तरी काय माहीत.

मग स्पर्धा. गोदाघाटावर पाडव्याला एवढी मोठी रांगोळी घालतात, आपल्याकडेही व्हायला हवं म्हणून कोठावदेकाकूंनी काढलेलं खूळ. परीक्षक बाई गंगापूर रोडवरून आलेल्या, त्यांनी सगळी दारं पाहिली आणि आमच्या दाराशी थांबल्या त्या थांबल्याच. अशी छटा आणली कशी, म्हणाल्या. तू सांगितलंस, करवंट्या जाळून कोळसा केला, कुटून वस्त्रगाळ केला, रांगोळीत मिसळला, शाळेतच केला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिला नंबर. हे भिंतीवरचं घड्याळ बक्षिसाचं – दार आमचं म्हणून घड्याळ आम्हाला, आणि तुला टाळ्या. तेव्हा काही वाटलं नाही बघ त्याचं. तू मला काहीतरी सांगत होतीस तेव्हा, माझ्या बाहीला हात लावून – काकू, हे पाणी – आणि तेवढ्यात कोठावदेकाकू मोबाईल घेऊन आल्या, म्हणाल्या, सरक गं जरा, सावली पडतेय. आणि तू सरकलीस. मी तुला म्हटलं, थांब, आधी फोटो होऊ दे. फोटो खूप झाले. दोन दिवस सगळ्यांच्या स्टेटसला आमचंच दार होतं. आमच्या लायनीत सगळ्यात काळं दार आमचं, आणि लोक त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढत होते. मी तर कडेने विटा लावल्या, कुणाचा पाय पडू नये म्हणून. संध्याकाळी हळद-कुंकूसुद्धा वाहिलं. चांगली आठ दिवस टिकवली मी ती.

थांब हं, फोन. – हो. – हो, आहे. – नाही, इतक्यात नको. – म्हटलं ना, मी सांगते तेव्हा. – बरं.

कोठावदेकाकू. दूध आहे का विचारत होत्या.

काय सांगत होते – यांना कावीळ झाली ती मे महिन्यात. आधी नुसती मळमळ, मग डोळे. आम्ही म्हटलं, उन्हाचं आहे, लग्नात काहीबाही खाल्लं असेल. औषध दिलं, पथ्य पाळलं, ऊस आणला. पाणी भरपूर प्यायचं, डॉक्टर म्हणाले होते. मी दर तासाला तांब्या न्यायची. त्यांना नको असायचं, तरी मी उभी राहायची समोर, संपवल्याशिवाय हलायची नाही. एवढं मात्र कुणी म्हणू शकणार नाही की केलं नाही. यांचं लिव्हर आधीच नाजूक होतं, लहानपणी काही झालं होतं म्हणे. बिघडत गेलं. शेवटी शेवटी मला ओळखायचे, कधी नाही ओळखायचे. एकदा दिरांना म्हणाले, ही बाई कोण, सारखं पाणी का पाजते. आम्ही हसलो. दीर बाहेर जाऊन रडले, पण आधी हसलो.

तू अशी बघू नकोस. मी रडत नाही. रडून झालं नाही असंही नाही, पण लोकांसमोर येत नाही मला.

दहाव्याचं सांगायचं होतं तुला. रामकुंडावर गेलो सगळे. सोसायटीतले जवळजवळ सगळे पुरुष आले होते, रंगनाथराव सगळ्यात पुढे, त्यांनीच गुरुजी ठरवलेले. पिंड ठेवले. आता तुमच्यात हे नाही, तुला सांगावं लागेल – कावळा शिवावा लागतो पिंडाला. नाही शिवला तर गेलेल्याची काही इच्छा राहिली असं धरतात. मग घरचे एकेक जण पुढे होऊन बोलतात, तुमचं अमुक राहिलं असेल तर आम्ही करू, तमुक बघू. कावळे होते गं, पलीकडे कठड्यावर ओळीने बसलेले. एक उतरेल तर शपथ. दीर म्हणाले, वहिनींना सांभाळू. नाही आला. पुतण्या म्हणाला, काका, तुमची गाडी विकणार नाही. नाही आला. ऊन चढायला लागलं, शेजारच्या लोकांचे पिंड शिवून झाले, ते डबे आवरून निघाले, आमचं तसंच. माझ्याकडे सगळे बघत होते. मला माहीत होतं काय राहिलंय ते. मला एकटीलाच माहीत होतं. ओठ उघडलेही होते मी. आणि तेवढ्यात रंगनाथराव पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, 'भाऊ, तुमच्या दारात जिने काळं घातलं तिला जाब विचारू. निश्चिंत जा.'

आणि कावळा आला.

कसा आला, कुठून आला, मला सांगता येणार नाही. भाताचं शीत उचललं आणि गेला. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला, मी ऐकला तो. कोठावदेकाका, एवढे इंजिनीअर, त्यांच्या अंगावर काटा आला, हात पुढे करून दाखवत होते सगळ्यांना. झालं. त्याच्यानंतर कुणाला काही विचारायचं राहिलंच नाही. घाटावरून गाड्यांकडे येईपर्यंत जो तो आपलं आठवून सांगायला लागला – मला त्याच दिवशी खटकलं होतं, मी बोललो नाही. सणाला काळं म्हणजे काय. ती करवंटीची राख कशावरून, कुठली राख होती कुणास ठाऊक. ज्यांनी फोटो काढले होते तेच. कोठावदेकाकूंनी तर आपले सगळे फोटो पुसून टाकले, मोबाईल गोमूत्राने पुसला. त्या म्हणाल्या, गेटवरचे ते लोक, त्यांच्यात सणवार नाहीत, देव नाहीत, मग आपल्या दारात काळं घालायला त्यांचं काय जातं. आता जे असलं काही मानतच नाहीत ते असलं काही करतील कसं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं. तुला खरं सांगू? मला बरं वाटलं. रंगनाथराव तसं बोलले तेव्हा छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. किती दिवसांनी मी त्या रात्री झोपले.

तू का उठलीस? बस. डबे देते ना. हा काळ्याचा, हा निळ्याचा. निळा जवळजवळ भरलेलाच आहे, नाही? कडेपुरता सोडला तर लागलाच नाही तुला निळा. एवढ्या दारांत एकही निळं दार नव्हतं, आता आठवतंय मला. बहुतेक राखाडी, आणि बोअरच्या जवळ जवळ येईल तसं गडद. आमचं सगळ्यात जवळ. बोअर कुठे घेतली माहीत आहे ना, बागेच्या कोपऱ्यात, रंगनाथरावांच्या कुंपणाला लागून. मागच्या उन्हाळ्यात टँकर परवडेनात म्हणून घेतली. पाणाड्या आणला होता, तळहातावर नारळ घेऊन सगळ्या आवारात फिरला, आणि त्या कोपऱ्यात नारळ उभा राहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे म्हणाले होते तेव्हा, अहो, पण इथे संडासाचा शोषखड्डा आहे ना तुमचा. तर रंगनाथराव म्हणाले, तो कधीच बुजवला. बुजवला असेल. नसेल. कुणी उकरून बघितलंय.

हे क्वालिटीला होते कंपनीत, तुला माहीत आहे. आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट शोधायची, तोच धंदा. मी चिडवायची, पोळीलासुद्धा मोजपट्टी लावाल. त्या संध्याकाळी जरा शुद्धीवर होते, मंगळवारी. म्हणजे बुधवारच्या आदल्या. म्हणाले, फोटो दाखव पाडव्याचे. मला वाटलं, गुढीचा बघायचाय. ते तुझी रांगोळीच बघत बसले. मोठी करून, बोटांनी सरकवत, कोपरा न् कोपरा. मग म्हणाले, शुभा, ही बाटली का काढलीय तिने? मी म्हटलं, कुठली बाटली. तर देठाच्या तळाशी, लाटांमध्ये, एवढीशी, नखाएवढी बाटली होती. काळी भरलेली. मी आठ दिवस त्या रांगोळीवरून पाय चुकवत जात-येत होते, मला ती दिसली नव्हती. परीक्षक बाईंना नाही, कुणालाच नाही. दिसायला कमळ होतं ना. सुंदर होतं. त्यांनी मोबाईल बाजूला ठेवला. मग म्हणाले, 'पाण्याचं सांगितलंय पोरीने. शुभा, बोअरची मोटार बंद करायला सांग. आज. सगळ्यांना सांग.' मी म्हटलं, हो हो, सांगते, आधी तुम्ही बरे व्हा. पांघरूण नीट केलं आणि –

आणि दुसऱ्या दिवशी बाटली भरायला –

फिल्टर आहे आमच्याकडे. कँडल बदलायची होती फक्त. आणि त्यांना तापात भास व्हायचे, मघाशी सांगितलं ना, मला ओळखायचे नाहीत. भासातलं बोलणं कुणी –

हे मी कुणाला बोलले नाही. तुला का सांगतेय कळत नाही. तू अशी गप्प बसतेस ना, तुझी ती खोड वाईट आहे, समोरचा बोलत सुटतो.

सविता मॅडमचा फोन आला होता मला, दोनदा. उचलला नाही. त्यांना शाळेने सांगितलंय म्हणे, जून उजाडला, आता असले उपक्रम पुरे, पुस्तकातलं शिकवा. त्या मला काय म्हणणार होत्या, मला ठाऊक आहे. तेच म्हणणार होत्या जे तू पाडव्याला म्हणत होतीस. आता ऐकून तरी – बरं ते जाऊ दे. सृष्टी भेटली का तुला, कोठावद्यांची? पहिलं बाळंतपण, आईकडे आलीय. काल इथे बसली होती, तुझ्याच खुर्चीत. पोट केवढं दिसतंय. म्हणत होती, जेवण जात नाही, सारखी मळमळ, आई म्हणते असं होतंच शेवटच्या दिवसांत. मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं. दार उघडं होतं, उजेड होता चांगला. हळद लावल्यासारखे कडेला. तिने पाणी मागितलं, आणि मी दिलं. काय सांगणार होते, नको देत म्हणून? तिची आई विचारेल का म्हणून. मग ते एकाला एक लागून सगळंच सांगावं लागेल, पार दवाखान्यातल्या बाटलीपर्यंत. म्हणून दिलं. ती घोट घोट पीत होती आणि मी हे घड्याळ बघत होते.

पुन्हा तोच फोन. वाजू दे. तीन-चारदा वाजेल आणि बंद होईल.

संजना, नीट ऐक आता. मध्ये बोलू नकोस, रडूही नकोस, वेळ नाहीये तेवढा. सहा वाजता हॉलमध्ये मीटिंग आहे. पाण्याची नाही. तुझी. तुझ्या बाबांना सिन्नरला मुद्दाम पाठवलंय, तो मोटारीचा पार्ट कधी मिळणार नव्हताच तिथे. तुझ्या आईला हॉलमध्ये सतरंज्या घालायला लावलंय, कशासाठी ते तिला माहीत नाही. डबे न्यायला म्हणून तुला बोलवायचं आणि इथे बसवून ठेवायचं, हे माझ्याकडे होतं. तुला इतर कुणी बोलावलं असतं तर तू आली नसतीस. मग ते येणार, तुला खाली नेणार, सगळ्यांसमोर मधोमध उभं करणार. त्र्यंबक रोडवरून कुणी एक जण येणार आहे, घर शुद्ध करतो म्हणे. रंगनाथराव म्हणाले, आजकाल जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, तेव्हा लिहायचं काही नाही, मारायचं-झोडायचं काही नाही, नुसतं मुलीने आपल्या तोंडाने सांगायचं – राख कुठून आणली, कुणी आणायला सांगितली – आणि दाराशी नाक घासायचं. मोबाईलवर घ्यायचं सगळं. मग गेटवरच्या खोल्या रिकाम्या करायला सांगायचं, ते उद्या. मारणार नाहीत असं ते म्हणाले. यांचा तो पुतण्या आणि त्याचे दोस्त हॉलच्या पायऱ्यांवर दुपारपासून बसलेत, ते काय म्हणतात ते मी ऐकलेलं नाही. हसत होते.

आणि मी फक्त एकच वाक्य बोलायचंय. यांनी जाताना तुझं नाव घेतलं, एवढंच. खोटंही नाही ते. घेतलंच होतं. 'पोरीने सांगितलंय' म्हणाले होते. रंगनाथराव म्हणाले, तेवढं पुरे, वहिनी, बाकी आम्ही बघतो. मी बरं म्हटलं. सकाळपासून ते वाक्य मनात म्हणून बघतेय, मराठीची बाई आहे मी, कुठे थांबायचं ते कळतं मला. नाव घेतलं म्हणायचं आणि थांबायचं.

बेल. त्यांचीच असेल. उठ. नाही, समोरून नको, स्वयंपाकघरातून जा. मागचं दार उघडंच आहे, कडी काढून ठेवलीय मी दुपारीच – का ते मला विचारू नकोस, तू यायच्या आधीच काढली होती. बोळातून नाल्याच्या कडेने सरळ जा, गेटकडे वळू नकोस, आईकडेही नको, तुझ्या आईला मी बघते. मेन रोडला रिक्षा मिळेल. सविता मॅडमचं घर माहीत आहे ना? तिथेच जा, आणि तिथून बाबांना फोन कर, म्हणावं, आधी तिकडेच या. चपला हातात घे. डबे राहू दे. बरं, काळा ने, तो तू केलायस. आणि ती ओट्यावरची बाटलीही ने, यांची. हो, भरलेली आहे. सांडू नकोस. मॅडमना म्हणावं, यातलं बघा काय येतं ते. मला सांगायची गरज नाही.

आले हो, आले. हातात कणीक आहे, थांबा जरा.

जा आता. मागे बघू नकोस. खाली काय बोलणार ते अजून मला माहीत नाही, आणि मोटार बंद करायचं मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.